काउबॉइजचा कारभारी

टेक्सस हे नाव जन्मभर मिरविणारा हा गृहस्थ टेक्ससात जन्मला नव्हता. वडिलांचे नाव टेक्सस श्रॅम, म्हणून मुलाचेही तेच. मुलाचा जन्म मात्र २ जून १९२० रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन गॅब्रिएल गावी झाला, आणि बापाने नावातून दिलेल्या मुलखाशी त्याचा संबंध आला तो ऑस्टिनच्या विद्यापीठात वृत्तपत्रविद्या शिकावयास गेल्यावर व तेथल्याच एका दैनिकात क्रीडावृत्ते लिहू लागल्यावर. महायुद्धात हवाई दलाची चाकरी आटोपून १९४७ साली तो लॉस एंजेलिस रॅम्स या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघात प्रसिद्धिखात्याचा मुख्य म्हणून रुजू झाला. पुढची चाळीस-बेचाळीस वर्षे, मधला थोडा काळ वगळता, या मनुष्याचे सारे आयुष्य अशा एका खेळात गेले की ज्यात त्याने व्यावसायिक म्हणून एक चेंडूही फेकला नाही, आणि ज्याच्या नियमांवर, प्रक्षेपणावर व जमाखर्चावर त्याच्याइतकी मुद्रा क्वचितच कोणा खेळाडूची उमटली असेल.

श्रॅम ज्यासाठी ओळखला गेला त्या जनरल मॅनेजर या हुद्द्याला आपल्याकडे नेमका शब्द नाही. मला विचाराल तर ‘कारभारी’ हाच जुना शब्द त्याला शोभतो. मालक पैसा घालतो, प्रशिक्षक डाव रचतो, खेळाडू हाडे मोडून घेतो, आणि यांतून जे जे उरते, म्हणजे कोणाला नोकरीस ठेवावे, कोणाला किती वेतन द्यावे, कोणाला केव्हा निरोप द्यावा, तिकिटाचा दर काय असावा, दूरचित्रवाणीशी करारनामा कसा लिहावा, ते सर्व कारभाऱ्याच्या दप्तरात जमा होते. यश आले की प्रशिक्षकाला खांद्यावर घेतात, अपयश आले की प्रेक्षकांना प्रथम कारभाऱ्याचा कंजूषपणा आठवतो.

श्रॅमची उमेदवारी रॅम्समध्ये झाली आणि तेथे त्याने दोन गोष्टी जवळून पाहिल्या. पहिली ही की, १९५० साली रॅम्सने आपले सर्व सामने, घरच्या मैदानावरचेसुद्धा, दूरचित्रवाणीवर दाखविले आणि मैदानावरची गर्दी धडाधड ओसरली. दुसरी ही की, महाविद्यालयांतून खेळाडू हेरण्यासाठी त्या संघाने पगारी माणूस हिंडता ठेवला होता, इतर संघ वर्तमानपत्रे व पंचांगवजा क्रीडावार्षिके चाळूनच निवड करीत असताना. याच कचेरीत १९५२ साली श्रॅमने पीट रोझेल नावाच्या एका तरुणास प्रसिद्धीच्या कामावर नेमले. हाच रोझेल जानेवारी १९६० मध्ये अवघ्या नॅशनल फुटबॉल लीगचा आयुक्त झाला, आणि आपल्या जुन्या धन्याचा शब्द त्याच्या दरबारी कधी वाया गेला नाही. मधल्या काळात श्रॅम सी.बी.एस. या प्रक्षेपणसंस्थेच्या क्रीडाविभागात होता व स्क्वॉ व्हॅली येथील १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकचे प्रक्षेपण मिळविण्याच्या खटपटीत होता. त्या क्रीडोत्सवाच्या निमित्ताने त्याने आय.बी.एम.ची गणकयंत्रे निकालांचे आकडे झरझर जुळविताना पाहिली, आणि ती गोष्ट त्याने मनात टिपून ठेवली.

डॅलस शहराला काउबॉइज हा संघ मिळाला त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. तेलाच्या पैशावर वाढलेल्या क्लिंट मर्चिसनला संघ हवा होता, वॉशिंग्टन संघाचा मालक जॉर्ज मार्शल त्याला आडवा येत होता, आणि मर्चिसनने काय करावे, तर मार्शलच्या संघाचे जे आवडते गीत मैदानावर वाजत असे त्याचे हक्कच गुपचूप विकत घेतले. गीत परत हवे तर मत द्या, असा तो सौदा होता. २८ जानेवारी १९६० रोजी लीगने डॅलसला सनद दिली, तोवर मर्चिसनने श्रॅमला कारभारी म्हणून बांधून घेतले होते. श्रॅमने टॉम लँड्री हा प्रशिक्षक व गिल ब्रँट हा खेळाडू हेरणारा असे दोघे जोडीला घेतले होते. ब्रँट पूर्वी मिलवॉकीत तान्ह्या मुलांची छायाचित्रे काढून पोट भरीत असे. सनद उशिरा मिळाल्यामुळे त्या वर्षीच्या महाविद्यालयीन निवडीत डॅलसला भाग घेता आला नाही, इतर संघांनी नको म्हणून सोडलेले गडी गोळा करून त्यांनी हंगाम काढला, आणि बारा सामन्यांत अकरा पराभव, एक बरोबरी व विजय शून्य असा हिशेब लागला.

येथे ‘ड्राफ्ट’ म्हणजे काय ते सांगणे भाग आहे. दरसाल महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड सर्व संघ पाळीपाळीने करतात आणि ज्याचा गेला हंगाम सर्वांत वाईट त्याला पहिली पाळी मिळते. दुबळ्याला बळ द्यावे हा हेतू. पाळी आली की काही मिनिटांत नाव उच्चारावयाचे, आणि एकदा उच्चारलेले नाव परत घेता येत नाही. पाळी कितवी हे हातचे नसले तरी पारख हातची असते, आणि श्रॅमची सारी बुद्धी या एका फटीतून आत शिरली. शेकडो प्रशिक्षक व पारखी यांनी हजारो तरुणांविषयी लिहून पाठविलेल्या अभिप्रायांत ‘चपळ’, ‘जिद्दी’, ‘तयार गडी’ असे शब्द असत, आणि एकाचा चपळ तो दुसऱ्याचा मंद ठरे.

ही गाठ सोडविणारा मनुष्य भारतीय होता. सलाम कुरेशी हे अलीगढच्या विद्यापीठात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ आय.बी.एम.च्या एका उपसंस्थेत काम करीत होते. १९६२ च्या सुमारास श्रॅमने त्यांना गाठले. कुरेशींना अमेरिकन फुटबॉलचे ओ की ठो कळत नव्हते, फुटबॉलच्या प्रशिक्षकांना गणकयंत्राचे, आणि दोघांच्या इंग्रजी उच्चारांची तऱ्हा एकमेकांस अगम्य. अशा बैठकीतून काही निष्पन्न झाले हेच आश्चर्य. परंतु माझ्या मते कुरेशींचे अज्ञान हाच या कामातील मोठा लाभ होता. ज्याला खेळ कळतो तो ‘जिगर’ म्हटल्यावर मान डोलावतो. ज्याला कळत नाही तो विचारतो, जिगर म्हणजे काय, ती कशावरून ओळखावी, आणि या मुलाची त्या मुलापेक्षा किती अधिक? प्रारंभी सुमारे तीनशे गुणावगुणांची यादी झाली. ती गाळीत गाळीत पाचांवर आली: शील, चपळाई व देहावरील ताबा, झुंजारपणा, बुद्धीची तरतरी, आणि बळ व त्याचा स्फोट. उंची, वजन व धावण्याचा वेग फूटपट्टीने व घड्याळाने मोजता येत. हे पाच मोजण्यासाठी साध्या वाक्यांची प्रश्नावली तयार झाली आणि पारख्याने प्रत्येक वाक्यापुढे एक ते नऊ यांपैकी एक आकडा मांडावयाचा, अशी शिस्त घातली गेली. विशेषणे लिहिण्याची सवय जडलेल्या, उन्हातान्हात मैदानाच्या कडेला बाकावर बसून आयुष्य काढलेल्या त्या माणसांना एखाद्या पोराच्या शीलाला सात द्यावे की आठ, याचा निवाडा करताना काय वाटले असेल! पुढे आकड्यांचे यंत्रात पृथक्करण होई व निवडीच्या दिवशी नावांची क्रमवार यादी कागदावर छापून येई. खर्च मोठा, म्हणून लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को या प्रतिस्पर्धी संघांनाच श्रॅमने भागीदार करून घेतले. धंद्यातले वैर आणि वर्गणी ही दोन खाती त्याच्या वहीत निराळी होती.

यंत्राला सगळे श्रेय देणे मात्र अन्यायाचे होईल. १९६४ च्या निवडीत डॅलसने दुसऱ्या फेरीत मेल रेन्फ्रो, सातव्यात धावपटू बॉब हेज आणि दहाव्यात रॉजर स्टॉबक यांना घेतले, तेव्हा यंत्राची पद्धत अजून घडतच होती. स्टॉबक नौदलाच्या अकादमीचा छात्र होता, त्याला नोकरीची मुदत भरावयाची होती, आणि तो प्रत्यक्ष संघात आला १९६९ साली. पाच वर्षे वाट पाहण्याची तयारी कोणत्याही गणिताने सुचविली नसती. कॉर्नेल ग्रीन तर महाविद्यालयात बास्केटबॉल खेळणारा, फुटबॉल न खेळलेला. त्याला ब्रँटने उचलून आणले. उलट १९६९ साली येल विद्यापीठाच्या कॅल्व्हिन हिलला पहिल्याच फेरीत निवडले तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या, कारण येल म्हणजे विद्वानांचे माहेरघर, मल्लांचे नव्हे. हिल त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नवखा खेळाडू ठरला. १९६६ पासून १९८५ पर्यंत सलग वीस हंगाम काउबॉइजचे विजय पराभवांहून अधिक राहिले.

श्रॅमचा हात आपल्या संघापुरता नव्हता. एप्रिल १९६६ मध्ये डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावर, टेक्सस रेंजरच्या पुतळ्यापाशी, तो एका माणसाची वाट पाहत उभा राहिला. तो माणूस लॅमार हंट, प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगचा संस्थापक. तीन वर्षे याच डॅलसमध्ये दुसरा संघ चालवून श्रॅमचे प्रेक्षक वाटून घेणारा आणि शेवटी कॅन्सस सिटीला बिऱ्हाड हलविणारा. हंट आपल्या लीगच्या बैठकीसाठी ह्यूस्टनला निघाला होता. कोणी पाहू नये म्हणून दोघे बाहेर उभ्या असलेल्या श्रॅमच्या मोटारीत जाऊन बसले आणि काचा लावून घेऊन त्यांनी खलबत केले. दोन्ही लीग खेळाडूंसाठी एकमेकांवर पैसा उधळून खंक होत चालल्या होत्या; ८ जून रोजी विलीनीकरणाचा तह जाहीर झाला. सुपर बोल म्हणून जो वार्षिक महोत्सव आज जग पाहते, त्याचे मूळ त्या मोटारीत आहे. पुढे बावीस वर्षे श्रॅम लीगच्या नियमसमितीचा अध्यक्ष होता: पंचाच्या अंगावरचा ध्वनिक्षेपक, चित्रफीत पुन्हा पाहून दिलेला निकाल, या गोष्टींमागे त्याचा आग्रह होता. गोलखांब सीमारेषेवरून मागे सरले तेही त्याच्याच अमदानीत. वृत्तपत्रातून व दूरचित्रवाणीतून आलेला मनुष्य तो. घरी बसलेल्या प्रेक्षकाला काय दिसते, हा त्याचा पहिला प्रश्न असे.

आणि तरीही, शीलाला आकडा लावणाऱ्या या दप्तराने एक माणूस असा निवडला की ज्याच्यापुढे आकडे थिटे पडले. ड्युएन थॉमस हा १९७० सालचा पहिल्या फेरीतला गडी. पहिल्याच हंगामात तो लखलखला आणि करार वाढवून मागू लागला. लिहिलेला करार तो लिहिलेला करार, असे उत्तर श्रॅमने दिले. थॉमसने वार्ताहर बोलावून श्रॅमला रोगट, वेडा व सर्वस्वी अप्रामाणिक म्हटले. त्यावर श्रॅम म्हणाला की, वाईट नाही, तीनांपैकी दोन बरोबर आहेत. या विनोदाचे कौतुक फार झाले. मला त्यात गढीच्या आतून टाकलेला दगड ऐकू येतो. थॉमसने १९७१ चा हंगाम जवळजवळ मुक्याने काढला, वार्ताहरांशी बोलला नाही, सोबत्यांशीही फारसा नाही, आणि जानेवारी १९७२ च्या सुपर बोलमध्ये मायामीविरुद्ध ९५ यार्ड धावून एक टचडाउन केला. काउबॉइजने तो सामना २४–३ असा जिंकला. संघाचे ते पहिले विजेतेपद. त्याच वर्षी थॉमसला सॅन डिएगोला देऊन टाकण्यात आले.

खेळाडूंच्या १९८७ च्या संपात हीच गढी पुन्हा दिसली. मालकांच्या बाजूने सर्वांत ताठर जे होते त्यांत श्रॅम होता. त्याच्या काही नामांकित खेळाडूंच्या करारनाम्यांत अशी कलमे होती की संपावर राहिल्यास पुढे मिळावयाच्या वार्षिक रकमांवर पाणी सोडावे लागेल. त्यांतला टोनी डॉर्सेट संप मोडून मैदानात उतरला तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. तोपर्यंत गणकयंत्र प्रत्येक संघाच्या कचेरीत पोहोचले होते, सततच्या विजयांमुळे डॅलसची पाळी दरसाल शेवटी येत होती, आणि निवडी चुकू लागल्या होत्या. १९८८ चा हंगाम संपला तेव्हा तीन विजय व तेरा पराभव पदरी होते.

संघ मर्चिसनकडून १९८४ साली बम ब्राइट याच्याकडे गेला होता. २५ फेब्रुवारी १९८९ रोजी आर्कान्सॉचा तेलव्यापारी जेरी जोन्स याने तो विकत घेतल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी श्रॅम जोन्सबरोबर ऑस्टिनजवळच्या गोल्फमैदानावर गेला आणि एकोणतीस वर्षे प्रशिक्षक असलेल्या लँड्रीला त्याच्यासमक्ष निरोप मिळाला. रात्रीच्या वार्ताहर-परिषदेत नवा मालक व्यासपीठावर बोलत होता आणि आजवर अशा प्रत्येक सभेचे सूत्रचालन ज्याने केले तो मनुष्य मागे भिंतीला टेकून उभा होता. काही आठवड्यांत श्रॅमने राजीनामा दिला. ब्रँटही त्याच वर्षी संघाबाहेर गेला.

टेक्सस स्टेडियमच्या कठड्यावर थोर खेळाडूंची नावे कोरण्याची प्रथा, ‘रिंग ऑफ ऑनर’, श्रॅमनेच १९७५ साली बॉब लिलीपासून सुरू केली होती आणि तो असेतो त्यात कोणाचे नाव घालावयाचे हे तोच ठरवीत असे. पुढे तो अधिकार जोन्सकडे गेला. कॅन्टनच्या फुटबॉल-गौरवमंदिराने श्रॅमला १९९१ सालीच आत घेतले; डॅलसचा कठडा मात्र बारा वर्षे अधिक थांबला. २००३ च्या वसंतात जोन्सने त्याचे नाव जाहीर केले. १५ जुलै रोजी श्रॅम वारला. नावावरचा पडदा दूर झाला तो त्या वर्षीच्या हंगामात.