अमेरिकेचा इतिहास कापसापासून

इंग्रजीचा वर्ग : लेखांक ७

मागच्या आठवड्यात व्हिटमनपाशी थांबलो होतो. त्याची कविता शिकवताना एक अडचण हमखास येते. ज्या देशाबद्दल तो एवढं भरभरून बोलतो, तो देश विद्यार्थ्यांना माहीतच नसतो. एम.ए. इंग्रजीला अमेरिकन साहित्याचा पेपर असतो, अमेरिकेच्या इतिहासाचा नसतो. तो ‘पार्श्वभूमी’ या नावाखाली पहिल्या एकदोन तासांत उरकायचा, अशी रीत पडली आहे. गाईडमध्ये त्याचे मुद्दे तयारच असतात : १४९२ ला कोलंबस, १६२० ला मेफ्लॉवर, १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा, मग लिंकन, मग दोन महायुद्धं. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि पुढे कादंबरी वाचताना त्यांतला एकही मुद्दा त्यांच्या कामाला येत नाही.

अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, परळी, कुठेही वर्ग घ्या, समोर बसलेली बरीच मुलं शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची असतात. या वर्गात अमेरिकेचा इतिहास कापसापासून सुरू करावा, असं माझं मत आहे. सनावळ्या मागाहून येऊ द्याव्यात.

एली व्हिटनीने १७९३ मध्ये रुईपासून सरकी वेगळी करणारं यंत्र बनवलं. त्याआधी आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढताना एका माणसाची दिवसभराची कमाई जेमतेम अर्धा किलो रुई असे. यंत्राने ते काम कितीतरी पट वेगाने होऊ लागलं. इथे वर्गाला विचारावं : मग गुलामांची गरज वाढली की घटली? पुस्तकी डोक्याने विचार केला तर घटली, यंत्र आलं की माणूस कमी लागतो. पण आमच्याकडची पोरं थोडं थांबतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, “सर, जिनिंग मशीनवर होईल, पण वेचायला माणूसच लागंल की!”

अगदी तसंच घडलं. रुई स्वस्तात निघू लागली तशी लागवड वाढली आणि वेचणी मात्र हातानेच राहिली. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख. वेचणीची यंत्रं खऱ्या अर्थाने शेतात उतरली ती १९४० च्या दशकात. दिवाळीच्या सुमारास वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून घरात होणारी ओरड ज्याने ऐकली आहे, त्याला हे दीडशे वर्षांचं अर्थकारण एका वाक्यात कळतं. (आपल्या रानातली बीटी कपाशीही बहुतेक त्याच अमेरिकी जातीची, हर्सुटमची. देशी कापूस केव्हाच मागे पडला.)

पुढे १८६१ ते १८६५ ची यादवी. तिच्यात मी फार रेंगाळत नाही. लढायांची नावं पाठ करून साहित्य कळत नाही. अमेरिकेचा कापूस बंदरात अडकल्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ ला युद्ध संपताच मुंबईचा बाजार कोसळला, एवढं सांगितलं की दोन किनारे जोडले जातात.

खरं थांबायचं ते १८६५ नंतर. गुलामी कायद्याने संपली, पण जमीन? जनरल शर्मनने त्या वर्षीच्या जानेवारीत हुकूम काढला की दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवर मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरपर्यंत जमीन द्यावी. आमच्याकडे ४० एकर म्हटलं की वर्गात हशा पिकतो, एवढी जमीन कोणाच्या घरी आहे? तो हशा फार टिकत नाही. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला, अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने वर्ष संपायच्या आत त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत करायला लावली. मुक्त माणूस पुन्हा त्याच शेताच्या बांधावर येऊन उभा राहिला.

मग बटाई आली. जमीन मालकाची, कष्ट कुटुंबाचे, पीक बहुधा निम्मं-निम्मं. पेरणीपासून वेचणीपर्यंत पोट भरायला मीठ, पीठ, कापड, बियाणं दुकानदाराकडून उधार, आणि त्या उधारीला तारण उभं पीक. हंगाम संपला की वही उघडायची. वही दुकानदाराची किंवा मालकाची, आकडे त्याचे, भाव त्याचा, व्याजही त्याचंच. ज्याला वाचता येत नाही त्याने ऐकायचं. फिटलं नाही तर बाकी पुढच्या सालावर.

इथे मला काहीही समजावून सांगावं लागत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून मोजला जाणारा एक कोयता, फडात गेलेले पाच-सहा महिने आणि परतताना अंगावर राहिलेली बाकी हे ज्या घरात जेवताना बोललं जातं, तिथल्या मुलीला ‘शेअरक्रॉपिंग’वर टीप लिहून द्यायची गरज नसते. तिला फक्त नाव सांगायचं असतं.

पण नेमकी इथेच शिक्षकाची परीक्षा असते. मुलं चटकन म्हणतात, “सर, म्हणजे आपलंच की!” त्या उत्साहावर तास संपवला तर इतिहास शिकवला असं होत नाही. दोन्हींतला फरक त्याच तासाला फळ्यावर यायला हवा. मिसिसिपी राज्याने १८६५ च्या अखेरीस कायदे केले : काळ्या माणसाकडे दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा हवा, कराराची मुदत संपण्याआधी काम सोडलं तर त्या वर्षाची मजुरी बुडाली आणि पकडून परत आणण्याची तरतूदही होती. उचल बुडवून टोळी पळाली तर मुकादम काय करतो हे बीडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते कायद्याच्या आडून, कायदा मोडून होतं. तिथे तोच कायदा होता, आणि तो कातडीचा रंग पाहून लागू होत होता. शिवाय या मुलांच्या आईबापांना मत आहे. दक्षिणेतल्या काळ्या माणसाला ते १८७० च्या घटनादुरुस्तीने मिळालं आणि पुढच्या काही दशकांत कर, परीक्षा आणि बंदुकीच्या धाकाने काढून घेतलं गेलं. साम्य दिसलं की मुलांचे डोळे चमकतात. फरक दिसला की ती प्रश्न विचारू लागतात, आणि मला प्रश्न जास्त हवे असतात.

जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये छापली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. त्या तारखेकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. १८७३ मध्ये दक्षिणेत काळे आमदार निवडून येत होते, संघराज्याचं सैन्य त्यांच्या पाठीशी होतं. १८७७ मध्ये ते पाठबळ निघालं. पुण्यातून ती अर्पणपत्रिका लिहिली गेली ती आशेच्या शेवटच्या चार वर्षांत.

आता कादंबरी. टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’, १९८७. आई आपल्या तान्ह्या मुलीचा जीव घेते. हे ऐकून वर्ग हादरतो आणि लगेच तिच्या चारित्र्याची, मानसिकतेची चर्चा सुरू होते. गाईडही तिकडेच नेतं. यामागे घडलेली हकीकत मार्गारेट गार्नर या स्त्रीची. जानेवारी १८५६ मध्ये ती केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून मुलाबाळांसह सिनसिनाटीला आली. केंटकीत गुलामी होती, ओहायो राज्यात नव्हती. माग काढत आलेल्यांनी घर घेरलं तेव्हा तिने दोन वर्षांच्या मुलीला मारलं.

वर्गातला रास्त प्रश्न असतो : नदी ओलांडली, मग पकडायला आलेच कसे? आष्टी तालुक्यातल्या मुलांना तो जास्त पडतो. सीना नदी काही अंतर बीड आणि नगर जिल्ह्यांची हद्द आहे. एकेकाळी अलीकडे निजाम होता आणि पलीकडे १९४७ पर्यंत इंग्रजी मुलूख. १९४७-४८ मध्ये हैदराबाद संस्थानातले कार्यकर्ते हद्दीपलीकडे कॅम्प टाकून राहत ते याचसाठी, की निजामाच्या पोलिसांचा हात तिथे पोहोचू नये. हद्द ओलांडली की सुटका, हे त्यांना घरातल्या म्हाताऱ्यांकडून कळलेलं असतं.

मार्गारेट गार्नरची सुटका झाली नाही याचं कारण १८५० चा कायदा. त्याने मालकाचा हात नदीपलीकडच्या मुक्त राज्यातही पोहोचवला. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती, मदतीला बोलावलं तर साध्या नागरिकालाही नकार देता येत नव्हता, आणि निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस परत पाठवला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५ डॉलर मिळत. या दोन आकड्यांनी वर्गाचं लक्ष आईच्या मनावरून कायद्यावर जातं. त्यानंतर कादंबरी पुन्हा उघडावी, आधी नको.

अशा शिकवण्याला मराठवाड्यात वारसा आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी तरुण दलित लेखकांना काळ्या अमेरिकनांच्या साहित्याकडे वळवलं. लातूरचे जनार्दन वाघमारे इंग्रजीचे प्राध्यापक, त्यांनी त्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा ऑकलंडच्या १९६६ च्या ब्लॅक पँथरचं नाव इथे अनोळखी नव्हतं. ही माणसं साहित्य आणि इतिहास असे दोन कप्पे करत नव्हती. आज नेटच्या तयारीने ते कप्पे आम्हीच केले आहेत.

एक गोष्ट मात्र परीक्षेला कधी येत नाही, तरी सांगतोच. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमध्ये बोंडावरचा सोंड्या भुंगा शिरला आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्याने दक्षिणेचा कापूस खाल्ला. आपली गुलाबी बोंडअळी ही अळी, तो भुंगा, पण बोंड दोघांनीही तितक्याच निष्ठेने पोखरलं. बटाईचं पीक गेलं आणि लाखो काळी कुटुंबं शिकागो, डेट्रॉइटकडे निघाली. त्या स्थलांतराची इतरही कारणं होती, वंशद्वेषी हिंसा आणि कारखान्यांतली मजुरी ही मोठी. हान्सबेरीचं १९५९ चं नाटक शिकागोतल्या ज्या कोंदट खोल्यांत घडतं, त्या खोल्या अशा भरल्या. अलाबामातल्या एंटरप्राइज गावाने मात्र १९१९ मध्ये त्या भुंग्याच्या नावे स्मारक उभारलं, कारण त्याच्यामुळे गाव कापूस सोडून भुईमुगाकडे वळलं. २०१७ च्या हंगामात गेलेल्या कपाशीची आठवण असलेल्या वर्गाला हे स्मारक मुळीच पटत नाही.

पुढच्या लेखांकात आर्थर मिलरचं ‘द क्रुसिबल’. १६९२ चं सेलम आणि १९५३ चं वॉशिंग्टन एकाच तासात कसं बसवायचं, ते पाहू.