‘बोलेल उशिरा’ म्हणत थांबू नका

दीड वर्षाचं मूल एकही शब्द बोलत नसलं की घरातली मोठी माणसं हमखास सांगतात, “त्याचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला.” जीभ जड आहे म्हणून वेखंड उगाळून चाटवतात, कुणी दोरा बांधून आणतं. आम्हाला खटकतं ते यात जाणाऱ्या महिन्यांचं. मेंदू सर्वांत झपाट्यानं वाढतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि उपचारांचा जास्त फायदाही तेव्हाच होतो.

प्रत्येक मूल आपल्या गतीनं वाढतं, हे खरंच. शेजारणीचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं चौदाव्यात, तर काळजीचं कारण नाही. पण या गतीलाही मर्यादा आहे. दोन-तीन महिन्यांत बाळ आपल्याकडे पाहून हसलं पाहिजे, पाचव्या महिन्यापर्यंत मान सावरली पाहिजे. नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसावं, दीड वर्षात चालावं. दोन वर्षांचं मूल “पाणी दे”, “बाबा आले” असे दोन शब्द जोडतं. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांचं होईपर्यंत वयातून ते दोन महिने वजा करून हिशेब करा.

शब्दांच्या आधी बोट बोलतं. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटानं दाखवतं, नावानं हाक मारली की वळून पाहतं. हे होत नसेल तर आधी कान तपासून घ्या. “ताट पडलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं,” असं बऱ्याच आया आम्हाला सांगतात. पण कमी ऐकू येणारं मूलही कुकरच्या शिट्टीला वळतं. आईचं हळू बोलणं मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. आमच्या गजबजलेल्या वस्तीत तर हे लक्षातही येत नाही. बेरा नावाची चाचणी बाळ झोपलेलं असताना होते, दुखत नाही.

शिकलेलं बोलणं किंवा चालणं मूल विसरायला लागलं, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटलं, वर्षाच्या आतच ते एकच हात वापरू लागलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

सुरुवात अंगणवाडीतून करा. माता व बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. सेविकेला ते पान उघडायला सांगा. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. गरज पडली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथली तपासणी, व्यायाम, वाचा-उपचार मोफत असतात. शंका आली तर पथकाची वाट पाहू नका, आशाताईंना सांगून सरकारी दवाखान्यात जा.

मजुरी बुडवून जायचं, तर खेप फुकट जाऊ नये. अनोळखी माणसापुढे मूल गप्प होतं, म्हणून घरी ते कसं बसतं, खेळतं, हाकेला कसं वळतं याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून न्या. जन्मताच रडलं का, कावीळ किती होती, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, हे डॉक्टर विचारतीलच. बाळंतपणाचे कागद आणि लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा. पावसाळ्यात घरात पाणी शिरलं की आधी तेच भिजतात.