स्वीटहार्ट बिल्ला : अस्सलतेची पारख

स्वीटहार्ट बिल्ला म्हणजे ब्रिटिश सैन्यातील एखाद्या पलटणीच्या किंवा दलाच्या चिन्हाची लहान प्रतिकृती असलेला ब्रोच होय. सैनिक तो आपल्या पत्नीला, आईला, बहिणीला किंवा प्रेयसीला भेट देत असे. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली व पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सर्वदूर पसरली. आज हे बिल्ले संग्राहकांच्या आवडीचे आहेत आणि त्यामुळेच त्यांच्या नकलाही मोठ्या प्रमाणावर होतात.

अस्सलतेचा अर्थ

सैनिकाच्या टोपीवरील बिल्ला सरकारी असे व त्याचा नमुना अधिकृतपणे ठरलेला असे. स्वीटहार्ट बिल्ल्याला असा नमुना कधीच नव्हता. तो जवाहिऱ्यांनी आपापल्या कल्पनेप्रमाणे घडवला आणि सैनिकांनी स्वखर्चाने विकत घेतला. एकाच पलटणीचा बिल्ला हिरे जडवलेल्या सोन्यात, मीनाकारी केलेल्या चांदीत, मोत्याच्या शिंपल्यावर बसवलेल्या पितळेत, अशा अनेक रूपांत आढळतो. त्यामुळे ‘नमुन्याशी जुळत नाही’ या कारणावरून एखादा बिल्ला नाकारणे चुकीचे ठरते. तशा चुकीने अनेक खरे बिल्ले बाद केले जातात. येथे अस्सल याचा अर्थ एवढाच, की बिल्ला ज्या काळाचा म्हणून सांगितला जातो त्याच काळात तो घडलेला असावा. म्हणून चिन्ह, धातू, छाप व बांधणी यांची साक्ष परस्परांशी जुळते का, हे पाहावे लागते.

चिन्हावरून कालनिश्चिती

पहिली साक्ष मुकुटाची. १९०१ ते १९५२ या काळातील राजांच्या कारकिर्दीत वरच्या कमानी गोलाकार असलेला ट्यूडर मुकुट वापरात होता. एलिझाबेथ राणीच्या काळात मध्यभागी खोलगट कमानींचा सेंट एडवर्ड मुकुट आला. रॉयल फ्लाइंग कोअर हे दल १९१२ मध्ये स्थापन झाले व १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झाले. या दलाच्या बिल्ल्यावर राणीचा मुकुट दिसला, तर पुढील तपासणीची गरजच उरत नाही. मशीन गन कोअरही १९१५ ते १९२२ एवढेच अस्तित्वात होते. अशा अल्पायुषी दलांच्या बिल्ल्यांना मागणी अधिक, म्हणून नकलाही अधिक.

भारतीय सैन्यातील पलटणींच्या ब्रोचांनाही हाच न्याय लागू पडतो. १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र आल्या. साहजिकच ११० हा क्रमांक असलेला ब्रोच दुसऱ्या महायुद्धातील म्हणून विकला जात असेल, तर विक्रेत्याच्या कथनावर विश्वास ठेवता येत नाही. ब्रोच मात्र खरा असू शकतो.

धातू, छाप व मीना

मूळ बिल्ले बहुधा पोलादी ठशाने पत्र्यावर दाबून काढलेले असत. त्यांच्या रेषा धारदार असतात व पाठीमागे उठावाचा उलटा खोलगट आकार अनेकदा दिसतो. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट होतात, भिंगाखाली सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात आणि कडेवर कानशीच्या खुणा राहतात. मूळ बिल्ल्यावरून साचा घेतला असेल, तर थंड होताना धातू आकसल्यामुळे नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. ही मोजणी खात्रीच्या बिल्ल्याशी तुलना करूनच करावी.

ब्रिटिश चांदीवरील चालत्या सिंहाची खूण शुद्धता दाखवते, नांगर बर्मिंगहॅमची परीक्षा दाखवतो आणि वर्षाक्षरावरून साल कळते. ब्रिटनमध्ये १५ कॅरट हा दर्जा १९३२ मध्ये रद्द झाला, त्यामुळे त्या छापाचा तिथला बिल्ला सहसा त्याआधीचा मानतात. मात्र छाप नसणे हा नकलीपणाचा पुरावा नव्हे. पितळेच्या बिल्ल्यावर तो असण्याचा प्रश्नच नाही आणि अगदी हलक्या वस्तूंना छापातून सूट मिळत आली आहे.

खरा मीना म्हणजे धातूवर भाजून वितळवलेली काच. तो कठीण असतो व फुटल्यास काचेसारखा टवका उडतो. नव्या नकलांत त्याऐवजी राळेचा रंग भरतात. तो स्पर्शाला प्लास्टिकसारखा लागतो व सुईच्या टोकाने त्यावर ओरखडा उठतो. हा प्रयोग अर्थातच दुसऱ्याच्या वस्तूवर करू नये.

डाख आणि जुने ठसे

कॉलरवरील सरकारी बिल्ल्याचे मूळ आकडे काढून त्याला पिन डाखलेली आढळते. ताजा, चकचकीत डाख संशयास्पद असला, तरी सैनिकांनीही त्या काळी असे ब्रोच करून घेतले होते. शिवाय तुटलेली पिन नंतर बदललेलीही असू शकते. सर्वांत अवघड पारख जुन्याच ठशांवरून पुढे काढलेल्या बिल्ल्यांची. त्यांत रेषा, माप व अक्षरे तंतोतंत जुळतात. अशा वेळी झिजेची जागा पाहतात: कपड्याशी घासणारी मागील बाजू व वारंवार हाताळली जाणारी पिन कोरी असून केवळ दर्शनी भाग काळवंडलेला असेल, तर तो काळेपणा रसायनाने आणलेला असण्याची शक्यता असते.