रीमा लागू : घराघरांतली आणि रंगमंचावरची

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या, किल्ल्यामुळे नावारूपाला आलेल्या आणि मोगलांनी जिंकून घेतल्यावर ज्याला फतेहाबाद हे नाव दिले त्या बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या कसब्याला आगगाडीची वाट लाभली नाही, आणि मुंबई-पुण्याकडच्या व्यावसायिक नाटकांचे दौरे मराठवाड्यात उतरले तरी ते बहुधा संभाजीनगर, लातूर, नांदेड अशा मोठ्या शहरांतच मुक्काम करून परतले. त्यामुळे निजामाचा अंमल संपल्यानंतर जन्मलेल्या इथल्या पिढ्यांना अभिनय या कलेचा परिचय घडला तो मुख्यत्वे पडद्यावरून. आधी तंबूतल्या सिनेमातून आणि पुढे, अंबाजोगाईच्या मनोऱ्यावरून दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाल्यावर, घरातल्या टीव्हीवरून. माळवदावर चढून एकाने अँटेना फिरवायची, खाली बसलेल्यांनी अजून मुंग्याच दिसतात म्हणून ओरडायचे आणि चित्र एकदाचे स्थिर झाले की शेजारपाजारच्या बायांनी पदर सावरून ओसरीवर जागा धरायची, असा तो काळ होता. त्या काळात ज्या थोड्या मराठी अभिनेत्री या ओसरीवर घरच्या माणसासारख्या ओळखीच्या झाल्या, त्यांत रीमा लागू यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते; आणि तरीही त्यांच्या कर्तृत्वाचा जो अर्धा, किंबहुना माझ्या मते अधिक मोलाचा, भाग आहे तो आमच्यासारख्या गावांपर्यंत फारसा पोचलाच नाही, ही खंत मनात ठेवूनच हा मजकूर लिहीत आहे.

रीमाताईंचे माहेरचे नाव नयन भडभडे. 21 जून 1958 रोजी त्यांचा जन्म झाला. मातोश्री मंदाकिनी भडभडे स्वतः रंगभूमीवरच्या नामांकित अभिनेत्री. वसंत कानेटकरांच्या ‘लेकुरे उदंड जाली’ या नाटकातील भूमिकेमुळे त्या विशेष ओळखल्या जात. आईच्या तालमी, प्रयोग आणि दौरे पाहतच मुलीचे बालपण गेले, आणि ‘बेबी नयन’ या नावाने बालपणीच तिने चित्रपटांत कामेही केली. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षण चालू असतानाच तिचा अभिनयाकडील ओढा शिक्षकांच्या नजरेत भरला होता. पुढे युनियन बँकेतील नोकरी, तेथेच भेटलेल्या विवेक लागू या नटाशी 1978 साली विवाह आणि नयनची रीमा लागू होणे, हे सारे थोड्या वर्षांत घडले. काही काळाने ते दोघे विभक्त झाले. त्यांची कन्या मृण्मयी हीदेखील याच क्षेत्रात आली.

बँकेच्या नोकरीचा तपशील वरवर किरकोळ वाटेल, परंतु त्या पिढीच्या मराठी कलावंतांची जडणघडण समजून घ्यायची तर तो महत्त्वाचा आहे. दिवसा हजेरीपत्रकावर सही, खातेदारांची रांग आणि हिशेबाचा ताळेबंद, संध्याकाळी तालीम आणि रात्री प्रयोग, अशी दुहेरी आयुष्ये मुंबईतल्या कितीतरी नटनट्यांनी वर्षानुवर्षे काढली. महिन्याच्या पगाराची शाश्वती असल्यामुळे त्यांना नाटक निवडताना केवळ बिदागीकडे पाहावे लागत नसे, आणि काउंटरच्या पलीकडून रोज नवी माणसे न्याहाळण्याची जी संधी मिळे ती निराळीच. मध्यमवर्गीय गृहिणीची भूमिका करताना रीमाताईंच्या उभे राहण्यात, पिशवी सांभाळण्यात किंवा बोलता बोलता क्षणभर थांबून समोरच्याचा अदमास घेण्यात जो अस्सलपणा दिसतो, त्याचे मूळ त्या दिवसांत असावे असे मला वाटते.

मुंबईच्या रंगभूमीवर ज्या भूमिकांनी त्यांचे नाव पक्के केले त्यांपैकी दोघींचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे उचित होणार नाही. पहिली जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मधील शिक्षिका अंबिका. विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात नाना पाटेकर यांनी सत्तेच्या मदाने उन्मत्त झालेला पुढारी गुलाबराव उभा केला होता, आणि त्या पुढाऱ्याच्या अत्याचाराला बळी पडलेली, समाज आणि कायदा दोघांनीही दाद न दिल्यावर अखेर स्वतःच त्याचे पारिपत्य करणारी अंबिका रीमाताईंची होती. ऐंशीच्या दशकातील मराठी प्रेक्षकासमोर बलात्कारित स्त्रीला दयेचा विषय न करता निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून उभे करणे हे लेखकाइतकेच नटीच्या धारिष्ट्याचेही काम होते. कारण संवाद लेखकाचे असले तरी रोज रात्री हजार डोळ्यांसमोर ती अवहेलना आणि तो संताप आपल्या देहावर वागवायचा असतो तो नटीने.

दुसरी भूमिका शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’ या नाटकातील. कुसुम ही संसारी स्त्री आणि तिच्या ठायी वावरणारी, तिच्या नवऱ्यावर हक्क सांगणारी सविता, अशी दोन व्यक्तिमत्त्वे एकाच देहातून दाखवायची; त्यासाठी रंगभूमीवर ना कॅमेऱ्याची करामत उपलब्ध, ना संकलकाची कात्री. आवाजाची पट्टी, मानेचा कल आणि नजरेची स्थिरता एवढ्याच सामग्रीवर हा पालट घडवायचा होता, आणि तो घडताना पाहिलेले प्रेक्षक आजही त्याची आठवण काढतात.

याच सुमारास चित्रपटही सुरू होते. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (1979), गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ (1980) आणि श्याम बेनेगलांचा ‘कलयुग’ (1981) या तिन्हींत त्या दिसतात. 1985 साली दूरदर्शनवरील ‘खानदान’ या मालिकेने त्यांचा चेहरा हिंदी मुलखात पोचवला.

मग आले आईपण. 1988 सालच्या ‘कयामत से कयामत तक’मध्ये त्या नायिकेची आई झाल्या, आणि 1989 च्या अखेरीस आलेल्या ‘मैंने प्यार किया’ने त्यांना हिंदी चित्रपटाची आई करून टाकले. तेव्हा त्यांचे वय एकतीस होते आणि पडद्यावरचा त्यांचा मुलगा सलमान खान चोवीस वर्षांचा. त्यापूर्वीच्या हिंदी चित्रपटातली आई म्हणजे निरुपा रॉय यांच्यासारखी, पांढऱ्या लुगड्यातली, दैवाने गांजलेली, देवापुढे अश्रू ढाळणारी. आपल्या सुलोचनाबाईंनी त्याच आईला सात्त्विक तेज दिले होते. रीमाताईंनी आणलेली आई तरुण होती, प्रसन्न होती, मुलाच्या मनातले त्याने सांगण्याआधी ओळखणारी आणि वेळ आली तर नवऱ्यासमोर मुलाची बाजू घेणारी होती. ‘हम आपके हैं कौन’ (1994), ‘कुछ कुछ होता है’ (1998), ‘कल हो ना हो’ (2003) अशा चित्रपटांतून हीच आई निरनिराळ्या घरांत वावरली. तथापि ‘हम साथ साथ हैं’ (1999) मधली त्यांची ममता या मालिकेत बसत नाही. मैत्रिणींच्या कानभरणीला बळी पडून सावत्र थोरल्या मुलाला घराबाहेर काढणारी ती कैकेयीच आहे, आणि त्या गोड चेहऱ्यावर हळूहळू संशयाची सावली चढत जाताना पाहणे हा त्या चित्रपटातला सर्वांत गंभीर अनुभव आहे.

त्याच वर्षी महेश मांजरेकर यांचा ‘वास्तव’ आला. चाळीतल्या सालस घरातला रघू पावभाजीची गाडी लावतो, एका भांडणातून त्याच्या हातून खून होतो आणि बघता बघता तो गुंडांच्या टोळीत ओढला जातो. संजय दत्त यांचा हा रघू जेव्हा अंगावर सोने मिरवीत घरी येतो आणि गळ्यातली जाडजूड साखळी आईला दाखवतो, त्या प्रसंगी प्रेक्षकाचे लक्ष साहजिकच रघूकडे असते. पण एकदा केवळ आईकडे पाहत तो प्रसंग पाहावा. मुलगा दृष्टीस पडला याचा आनंद, एवढे सोने आले कुठून हे कळल्याची धास्ती, आणि दोन्ही एकाच वेळी लपवण्याची धडपड, हे सारे त्या चेहऱ्यावर एकही शब्द वाया न घालवता उमटते. शेवटी भीतीने आणि व्यसनाने पार खचलेला रघू सुटकेची याचना करतो, तेव्हा हीच आई त्याचेच पिस्तूल हाती घेऊन त्याला गोळी घालते. प्रत्यक्षात संजय दत्त त्यांच्याहून जेमतेम तेरा महिन्यांनी लहान होते, ही गोष्ट चित्रपट पाहताना कोणाच्या ध्यानातही येत नाही.

धारूरच्या बाजूला या चित्रपटाने जो ठाव घेतला त्याचे कारण केवळ गुन्हेगारीची चटक नव्हते. दसरा-दिवाळी उलटली की इथल्या वाड्या-वस्त्यांतून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, लेकरे बहुधा आजी-आजोबांकडे राहतात, आणि हाताशी आलेली पोरे कामाच्या शोधात पुण्या-मुंबईची वाट धरतात. दूर गेलेला मुलगा कोणाच्या संगतीला लागला असेल ही चिंता इथल्या आयांना नवीन नाही. म्हणून ‘वास्तव’मधली रघूची आई शांता त्यांना परकी वाटली नाही.

आईपणाच्या या ख्यातीमुळे एक अन्याय मात्र झाला. विनोदाची त्यांची जाण किती पक्की होती हे ज्यांनी त्यांच्या मालिका पाहिल्या त्यांनाच ठाऊक आहे. ‘श्रीमान श्रीमती’ ही मालिका मराठी नाटककार अशोक पाटोळे यांची. तीत जतीन कनाकिया यांच्या चंचल केशव कुलकर्णीची पत्नी कोकी त्यांनी केली. आणि 1994 पासून प्रथम दूरदर्शनवर व पुढे स्टार प्लसवर चाललेल्या ‘तू तू मैं मैं’मध्ये त्यांची सासू देवकी व सुप्रिया पिळगावकर यांची सून राधा यांनी एका स्वयंपाकघरात जी लढाई मांडली ती हिंदी भाषिकांनीही डोक्यावर घेतली. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, सासरे कुलदीप पवार. भाषा हिंदी असली तरी त्या घराचा ठेका पूर्णपणे मराठी फार्सचा होता. सुनेने टोमणा मारला की देवकी लगेच उत्तर देत नाही. आधी हातातले काम थांबते, मग भुवई वर जाते, आणि प्रेक्षक हसण्याच्या बेतात येतो तेव्हा वाक्य पडते. हा अवकाश मोजता येणे हे नाटकाच्या प्रयोगांनी दिलेले शिक्षण होते. आज सासू-सुनांच्या मालिकांत जो विखार भरलेला असतो त्याच्याशी ताडून पाहिले, तर भांडणातही माया शाबूत ठेवणाऱ्या या जोडीचे मोल अधिकच जाणवते.

फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी त्यांना चार वेळा नामांकन मिळाले, पुरस्कार एकदाही नाही. मराठीत झी मराठीवरील ‘तुझं माझं जमेना’, गजेंद्र अहिरे यांचा ‘अनुमती’ अशी कामे होत राहिली. 2015 च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटात तर त्या पडद्यावर न येता प्रत्यक्ष कट्यारीचा आवाज झाल्या. 2016 साली ‘नामकरण’ या हिंदी मालिकेत त्यांनी दयावंती ही कठोर, सत्तालोलुप आजी स्वीकारली. तीन दशके ज्या प्रेमळ आईसाठी लोकांनी त्यांना ओळखले तिचा मागमूसही त्यांनी त्या भूमिकेत ठेवला नाही. 17 मे 2017 रोजी त्या याच मालिकेच्या चित्रीकरणावर होत्या. त्या रात्री त्यांना अस्वस्थ वाटू लागले, आणि 18 तारखेच्या पहाटे मुंबईच्या कोकिळाबेन रुग्णालयात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न.

धारूरचा आजचा तरुण मोबाईलवर ‘वास्तव’ पाहू शकतो, ‘तू तू मैं मैं’चे भाग पाहून घरातल्यांसह हसू शकतो. अंबिका आणि सविता त्याला तशा भेटणार नाहीत. ज्यांनी ‘पुरुष’चा किंवा ‘सविता दामोदर परांजपे’चा प्रयोग मुंबईच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात, संभाजीनगरला वा लातूरला डोळ्यांनी पाहिला, ती माणसे आता उतारवयाकडे झुकली आहेत. कोणत्या वाक्याला सभागृह निःशब्द झाले, कुसुमची सविता होताना रीमाताई नेमक्या कशा वळल्या, अंबिकेने शेवटच्या अंकात कुठे पाहिले, हे त्यांनी कागदावर उतरवून ठेवावे. जिल्ह्यातल्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांच्या नाट्य विभागांनी अशा आठवणी मागवून आपल्या दप्तरी जतन कराव्यात.