वृद्धाश्रम आणि जबाबदारीचा विमा

बिदर व कलबुर्गी या सीमाभागातील आपल्या कुटुंबांची तरुण मंडळी पुणे, सोलापूर, हैदराबाद येथे नोकरीधंद्यास गेली असून भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील घरांत वडीलधारी माणसे मागे राहिली आहेत. २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी सरकारी आश्रमाची योजना आहे. परंतु गावाजवळचे दहावीस खाटांचे घर काढणे हे आपल्यासारख्या संस्थांचेच काम होय. अशा घराचा अन्नवस्त्राचा व औषधपाण्याचा अंदाज सर्वजण करतात. जबाबदारीच्या विम्याचा विचार मात्र सहसा राहून जातो. म्हणून येथे त्याची माहिती देत आहोत.

एखादे आजोबा ओल्या न्हाणीघरात घसरून पडले, किंवा कोणास चुकीचे औषध दिले गेले, आणि त्यात संस्थेची हयगय सिद्ध झाली, तर भरपाई द्यावी लागते. न्यास ही कंपनीप्रमाणे स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसल्याने दावा विश्वस्तांवर येतो. ‘आम्ही धर्मादाय कार्य करतो’ एवढे उत्तर पुरत नाही. प्रवेशपत्रावर ‘संस्था जबाबदार नाही’ असे लिहून घेतल्यानेही हयगय माफ होत नाही. शुल्क घेणाऱ्या घरास ग्राहक संरक्षण कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी लागते. वैद्यकीय सेवेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरविले की, जेथे काहींकडून पैसे घेतले जातात तेथे मोफत उपचार घेणाराही ग्राहकच होय.

हा विमा सक्तीचा आहे काय? नाही. भोपाळ दुर्घटनेनंतर झालेला १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांपुरता आहे. उलट अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दाव्यांमुळे विमे फार महागले, तेव्हा २००१ मध्ये कायदा करून वृद्धांच्या निवासांना विमा सक्तीचा करण्यात आला. आपल्याकडे निर्णय विश्वस्तांच्या विवेकावर आहे.

एका पॉलिसीने सर्व भागते असे मात्र नाही. जागेतील अपघातांसाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी, डॉक्टर व परिचारिकांच्या चुकीसाठी व्यावसायिक दायित्वाची, आणि स्वयंपाकी, आया यांच्या दुखापतीसाठी कामगार भरपाईची, असे तीन प्रकार वेगळे समजावेत. अन्नातील विषबाधा व लिफ्ट यांचा समावेश आहे किंवा नाही, हेही विचारून घ्यावे. या पॉलिसी बहुधा दावा दाखल होण्याच्या काळास धरून असतात. म्हणून एक वर्षही खंड पडू देऊ नये.

हप्ता भरपाईची मर्यादा, खाटांची संख्या, पूर्वीचे दावे आणि दाव्यातील आपण सोसावयाची रक्कम यांवर ठरतो. त्यावर १८ टक्के जीएसटी येतो. हिशेबापुरते समजा, हप्ता १२,००० रुपये आहे. करासह तो १४,१६० होतो. वीस रहिवासी असतील तर माणशी वर्षास ७०८, म्हणजे महिन्यास ५९ रुपये. तेच बारा रहिवासी असले तर महिन्यास सुमारे ९८ रुपये पडतात. हप्ता खाटांच्या प्रमाणात तितकाच उतरत नाही. म्हणून लहान घरास तो जड जातो. यास्तव शेजारच्या संस्थांनी एकत्र येऊन दर मागविणे हिताचे.

विम्याहून स्वस्त उपाय आपल्या हाती आहेत. आपल्या भागातील शहाबादी फरशी घासून गुळगुळीत केल्यावर पाण्याने निसरडी होते; न्हाणीघरात ती खडबडीतच ठेवावी, भिंतीस धरावयाच्या दांड्या बसवाव्यात, रात्री दिवा असावा. औषधांची व अपघातांची नोंदवही आयाबाईंना लिहिता येईल अशा भाषेत, कन्नड वा मराठीत, रोज भरावी. दावा आल्यास हीच वही साक्षीस येते, आणि पॉलिसीच्या अटींप्रमाणे अपघाताची खबर विमा कंपनीस ताबडतोब द्यावी लागते.

आपल्या वडीलधाऱ्यांना आधार देताना तो आधारच कर्जात बुडू नये, यासाठी नव्या घराच्या पहिल्या अंदाजपत्रकात विम्याची बाब सभासदांनी आग्रहाने घालावी, ही आमची नम्र विनंती आहे.