सेकंदाला नऊशे किलो

हिवाळ्यातली भर दुपार. पश्चिम बंगालमधलं कांदळवन सुमारे २,१०० चौरस किलोमीटरचं, आणि ते जवळजवळ सगळं सुंदरबनातच. अशा दुपारी हे जंगल हवेतून सेकंदाला नऊशे किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. निदान हिशेब तरी तसा निघतो.

हिशेबाचं मूळ आहे सुंदरबनातल्या बॉनी कॅम्प इथल्या एका मनोऱ्यावर. २०१२-१३ मध्ये तिथे वर्षभर मोजणी झाली. अशा मनोऱ्यावरची यंत्रं झाडांच्या शेंड्यांवरून वर-खाली होणारा वारा आणि त्यातला वायू साधारण सेकंदाला दहा वेळा मोजतात. म्हणजे दिवसाला ८,६४,००० वेळा, वर्षाला ३१ कोटींहून जास्त. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या दुपारी तिथे एक चौरस मीटर जंगल सेकंदाला ०.४४ मिलिग्रॅम वायू घेताना दिसलं. आकडा चिमटीत मावणारा, पण २,१०० चौरस किलोमीटरांनी गुणला की ९२४ किलो होतात. (अख्खं सुंदरबन त्या एका मनोऱ्यासारखं वागतं असं यात धरलं आहे. ते तसं वागत नसणार, पण अंदाजाला एवढं पुरे.)

ऊन रणरणतं ते एप्रिल ते जूनमध्ये. तेव्हा आकडा वाढायला हवा ना? तो उतरतो, साडेपाचशे किलोंवर येतो. पावसाळ्याआधी नद्यांचं गोडं पाणी आटलेलं असतं, खाडीत खारटपणा चढलेला असतो, हवा तापलेली असते. अशा वेळी पाणी वाचवायला झाडं पानांची छिद्रं आवळून घेतात, आणि छिद्र आवळलं की वायूही आत येत नाही.

मग उन्हाचं होतं काय? उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर वर्षभरात जेवढी सूर्याची ऊर्जा पडते, तिच्यातला एक टक्काही पानं साखरेत साठवत नाहीत. काही ऊन परत फिरतं, काही हवा, पाणी आणि चिखल तापवतं, आणि मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात जातो. एवढ्या जंगलावरून फक्त एक मिलिमीटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे १४३ कोटी युनिट ऊर्जा लागते. सगळा भारत मिळून दिवसाला जी वीज वापरतो, तिच्या जवळपास एक तृतीयांश! तीही बिलाशिवाय, आवाजाशिवाय.

कार्बनची खातेवही मात्र थोडी नाउमेद करते. त्या वर्षी जंगलाने दर चौरस मीटरला १,२७१ ग्रॅम कार्बन घेतला आणि १,०२२ ग्रॅम परत हवेत सोडला. झाडं अहोरात्र श्वास घेतात, चिखलातले जीवाणूही घेतात. शिल्लक २४९ ग्रॅम. सगळ्या जंगलाला हाच दर लावला तर वर्षाचा कार्बन डायऑक्साइड भरतो १९ लाख टन. भारत कोळसा, तेल आणि गॅस जाळून तेवढा साडेपाच-सहा तासांत सोडतो. शिवाय दर ओहोटीला कार्बनचा काही भाग पाण्यात विरघळून खाडीवाटे समुद्राकडे जातो. हवा मोजणाऱ्या मनोऱ्याला तो दिसतच नाही.

तेव्हा ‘कांदळवन आपला धूर गिळेल’ या भरवशावर कोणी बसू नये. त्याची खरी श्रीमंती वर्षाच्या कमाईत नाही, पायाखाली आहे. खाऱ्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात पडलेली मुळं आणि पानं फार सावकाश कुजतात. म्हणून जगभरच्या कांदळवनांत हेक्टरी सरासरी साडेआठशे टनांच्या आसपास कार्बन साठलेला आहे, त्यातला बहुतेक जमिनीखाली. बॉनी कॅम्पच्या गतीने, म्हणजे हेक्टरी वर्षाला अडीच टन दराने, तेवढा साठा व्हायला ३४० वर्षं लागतील.

महाराष्ट्रात सुमारे ३१५ चौरस किलोमीटर कांदळवन उरलं आहे. रस्त्यासाठी, पुलासाठी त्यातला एखादा तुकडा मागितला जातो तेव्हा बदल्यात किती रोपं लावणार याचा आकडा ठळक छापून येतो. पुढच्या वेळी तो वाचाल तेव्हा एवढंच विचारा: रोपं किती ते कळलं, खालचा चिखल किती वर्षांचा होता?