तक्त्यांतलं पुणे आणि तक्त्यांबाहेरचं

ज्यांनी आगाऊ कर किंवा विवरणपत्राआधीचा उरलेला कर स्वतः भरला आहे, त्यांना चलनाच्या पावतीवरचा 'बीएसआर कोड' चांगला ठाऊक असतो. सात अंकांचा हा क्रमांक, चलनाचा अनुक्रमांक आणि भरणा केल्याची तारीख अशा तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच विवरणपत्रात कर भरल्याची नोंद लागते. पुण्याच्या कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनीपासून पौड रस्त्यापर्यंत जुलै महिन्यात किती तरी घरांत हे सात आकडे पुन्हा पुन्हा तपासून टंकले जातात. हा क्रमांक मुळात प्राप्तिकर खात्याचा नाही, रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी विभागाचा आहे. बीएसआर म्हणजे 'बेसिक स्टॅटिस्टिकल रिटर्न्स'. पहिले तीन अंक बँकेचे आणि पुढचे चार शाखेचे. शाखेला आणखी एक सात अंकी क्रमांक असतो, तो सहसा ग्राहकाच्या नजरेस पडत नाही. त्यातले तीन अंक जिल्हा सांगतात, तीन अंक गाव किंवा शहर, आणि शेवटचा एक अंक त्या ठिकाणची लोकसंख्या कोणत्या गटात बसते ते सांगतो. देशातल्या व्यापारी बँकांकडच्या ठेवी आणि कर्जं या दोन क्रमांकांच्या आधारे मोजली जातात, आणि ती मोजणी कुणालाही फुकट वाचायला मिळते.

ही मोजणी सुरू झाली डिसेंबर १९७२ मध्ये. जुलै १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यात होती. तोवर बँकेचा ताळेबंद पाहिला की भागत असे. पैसा सरकारच्या मालकीच्या बँकांत आल्यावर प्रश्न बदलले. कर्ज कोणत्या जिल्ह्यात गेलं? शेतकऱ्याला किती, कारखानदाराला किती, छोट्या दुकानदाराला किती? व्याज काय दराने? याची उत्तरं ताळेबंदात नव्हती. त्यासाठी नेमलेल्या ए. रामन समितीने शाखानिहाय विवरणांची ही पद्धत सुचवली. कर्जांसाठी बीएसआर-१, ठेवींसाठी बीएसआर-२ अशी तिची मांडणी आजही कायम आहे. पूर्वी शाखेतला कारकून कोष्टकं हाताने भरून पाठवायचा, आता बँकेच्या संगणकातून माहिती थेट जाते. पण रकाने पाहिले तर मूळ प्रश्न तेच आहेत: कर्जदार कोण, व्यवसाय कोणता, व्याजदर किती, मंजुरी कुठे झाली, पैसा वापरला कुठे, येणं बाकी किती.

या आकड्यांच्या मुळाशी पुण्याचा मोठा वाटा आहे, आणि तो मला दरवेळी थांबून आठवावासा वाटतो. कोथरूडहून कर्वे रस्त्याने डेक्कनकडे निघालं की थोड्याच वेळात भांडारकर रस्त्याच्या परिसरात गोखले अर्थशास्त्र संस्था लागते. १९३० मध्ये ती स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ मध्ये, बँकेत संशोधन आणि सांख्यिकीचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि जानेवारी १९४७ पासून बँकेचं मासिक बुलेटिन निघू लागलं. या तयारीच्या बळावर १९५१ मध्ये बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला अध्यक्ष, आणि सदस्यांत गाडगीळ. ७५ जिल्हे, ६०० गावं आणि १,२७,३४३ कुटुंबं. पाहणी करणारी माणसं गावोगाव जाऊन विचारत होती: वर्षभरात कर्ज किती काढलं आणि कुणाकडून?

१९५४ च्या अहवालातलं उत्तर देशाला हादरवणारं होतं. शेतकऱ्याने घेतलेल्या दर १०० रुपयांपैकी ४४.८ रुपये व्यावसायिक सावकाराचे आणि २४.९ रुपये सावकारी करणाऱ्या शेतकऱ्याचे होते. नातेवाइकांकडून आलेले १४.२. सरकारचे ३.३, सहकारी संस्थांचे ३.१. आणि व्यापारी बँकांचे? ०.९. त्या काळच्या हिशेबात सांगायचं तर शंभर रुपयांत साडेचौदा आण्यांहून कमी. अहवालाचा निष्कर्ष असा होता, की सहकार अपयशी ठरला आहे, पण तो यशस्वी करावाच लागेल. याच अहवालाच्या शिफारशीवरून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. पुढे १९६९ मध्ये गाडगीळांच्याच अभ्यासगटाने प्रत्येक जिल्हा एकेका बँकेकडे सोपवावा, ही कल्पना मांडली. त्यातून अग्रणी बँक योजना आली. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र, आणि ही बँकही अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने, वा. गो. काळे यांनी, डी. के. साठे यांच्यासोबत १९३५ मध्ये स्थापन केलेली. २०१९ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या कर्जापैकी सुमारे ६६ टक्के कर्ज बँका आणि तत्सम संस्थांचं निघालं. ०.९ पासून इथवरची वाटचाल आकड्यांवाचून कुणाला दिसलीच नसती. सावकारी जाचाच्या कहाण्या गावोगाव होत्याच, पण धोरण बदललं ते त्या कहाण्यांना टक्केवारी मिळाल्यावर.

आता आजच्या तक्त्याकडे. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला ठेवी आणि कर्जांची आकडेवारी जाहीर करते. त्यात सर्वाधिक ठेवी असलेल्या शंभर केंद्रांची यादी असते आणि पुणे नेहमी पहिल्या दहांत असतं. दहा लाखांवर लोकसंख्येची शहरं 'महानगरी' गटात मोडतात, पुणे त्यात. पण कोथरूड यात कुठेही स्वतंत्र दिसत नाही. इथल्या प्रत्येक शाखेचा आकडा मुंबईला वेगळा जातो आणि छापताना 'पुणे' या एका ओळीत मिसळून जातो. म्हणून 'कोथरूडच्या ठेवी इतक्या कोटींच्या' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर तो आकडा कुठून आला ते विचारावं. रिझर्व्ह बँकेच्या तिमाही तक्त्यात तो नसतो. अंदाज मात्र बांधता येतो. देशभरात बँकांतल्या एकूण ठेवींपैकी सुमारे पाचवा हिस्सा ज्येष्ठ नागरिकांचा आहे, असं बीएसआर-२ सांगतं. एप्रिलमध्ये व्याजावरची करकपात टाळणारा फॉर्म भरायला मयूर कॉलनीतल्या एखाद्या शाखेत लागणारी रांग पाहिली की तो पाचवा हिस्सा डोळ्यांसमोर उभा राहतो.

कर्जाच्या तक्त्यात वाचकाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कर्ज 'मंजूर कुठे झालं' आणि 'वापरलं कुठे गेलं' याचे तक्ते वेगवेगळे असतात. मुख्यालय मुंबईत असलेल्या कंपनीचं कर्ज मुंबईच्या शाखेत मंजूर होतं, यंत्रं बसतात चाकणच्या कारखान्यात. पहिल्या तक्त्यात ते मुंबईचं कर्ज, दुसऱ्यात पुणे जिल्ह्याचं. शंभर रुपयांच्या ठेवींमागे किती कर्ज दिलं, ते सांगणारं कर्ज-ठेव गुणोत्तर या दोन पद्धतींनी खूप वेगळं येऊ शकतं. ज्या जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या खाली जातं, तिथे विशेष उपसमिती नेमून कारणं शोधावीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सभा-संमेलनांत 'आमच्या जिल्ह्याचा पैसा मुंबईला जातो' असं बोलणाऱ्यांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवावेत. तक्रार कधी खरी निघेल, कधी अर्धी.

दुसरी गोष्ट तळटीपांची. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. कंपनीचं कर्ज तोवर बँक-कर्जात मोजलं जात नव्हतं. त्या तारखेला लाखो गृहकर्जदार बँकांच्या तक्त्यात आले. त्यांचं घर तेच, हप्ता तोच, येणं बाकी तेवढंच. पण महिन्याच्या तक्त्यात गृहकर्जाची वार्षिक वाढ एकदम तीस टक्क्यांच्या वर गेली. रिझर्व्ह बँकेने त्याच्या शेजारीच विलीनीकरण वगळून येणारा आकडा दिला होता, तो निम्म्याहून कमी होता. बातमीत मोठा आकडा आधी येतो, आणि तळटीप वाचली नाही तर लोक भराभर घरं घेत सुटले आहेत असा समज होतो. सोनेतारणाचंही तसंच. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात बँकांच्या तक्त्यात सोनेतारण कर्जं दुपटीहून अधिक झालेली दिसली. सोन्याचा भाव चढला, शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये तारणाविना दिल्या जाणाऱ्या ग्राहक-कर्जांवरचं जोखीम-वजन (कर्जामागे किती भांडवल राखायचं ते ठरवणारं प्रमाण) १०० वरून १२५ टक्के केल्याने बँकांचा ओढा तारणाकडे वळला, हे खरं. पण आधी शेतीकर्जात धरलेली काही कर्जं सोनेतारणात हलवली गेली, तो भागही त्या वाढीत आहे.

रकान्याचीही मर्यादा असते. कर्वे पुतळ्याजवळ पोळी-भाजी केंद्र चालवणारी बाई मोठा फ्रीज घ्यायला चार बांगड्या गहाण ठेवते. तिच्या दृष्टीने ते धंद्याचं कर्ज. बँकेच्या नोंदीत ते सोनेतारण, म्हणजे वैयक्तिक कर्ज. देशाच्या बँक-कर्जांत आज वैयक्तिक कर्जांचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे आणि तो उद्योगांच्या वाट्याहून मोठा झाला आहे. त्यावर 'लोक चैनीसाठी कर्ज काढतात' अशी टीका ऐकू येते. त्या एक तृतीयांशात जवळपास निम्मं गृहकर्ज आहे, आणि उरलेल्यात अशा कितीतरी बांगड्या आहेत. टीका करण्याआधी एवढं तरी पाहायला हवं.

पण माझी खरी तळमळ वेगळी आहे. बीएसआरची ही विवरणं व्यापारी बँकांची. पुण्याच्या मध्यमवर्गाचा पैसा पिढ्यान् पिढ्या सहकारी बँकांतही आहे. कॉसमॉस १९०६ ची, रुपी १९१२ ची, जनता सहकारी १९४९ ची. तिमाही तक्त्याच्या 'पुणे' या ओळीत यांच्या ठेवी धरलेल्या नाहीत. देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या महाराष्ट्रात आहेत. त्यांची एकत्रित आकडेवारी रिझर्व्ह बँक वेगळी देते, पण शहराशहराचं चित्र त्यातून उभं राहत नाही. पतसंस्थांचं तर त्याहून अवघड. त्या रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतच नाहीत, राज्याच्या सहकार खात्याकडे त्यांची नोंदणी. सहकार आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. पण कोथरूडच्या गल्लीगल्लीतल्या पतसंस्थांत मिळून किती ठेवी आहेत, त्यातलं किती कर्ज थकलं आहे, हे सामान्य खातेदाराला सोप्या तक्त्यात एका जागी वाचायला मिळत नाही. ज्या शहराने गाडगीळ आणि काळे दिले, तिथे ही उणीव बोचते.

आकडे वेळेवर वाचले गेले नाहीत की काय होतं, ते पुण्याने पाहिलं आहे. रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये परवाना रद्द झाल्याचा आदेश निघाला. मधली नऊ वर्षं हजारो ठेवीदार स्वतःच्या पैशाची वाट पाहत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाल्यामुळे बहुसंख्यांना आधार मिळाला. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा लागूच नाही, आणि दीड टक्का जास्त व्याजासाठी ठेव हलवणाऱ्या अनेकांना हे माहीत नसतं.

तेव्हा हा लेख हातात असतानाच एक काम करा. सहकारी बँकेचे किंवा पतसंस्थेचे सभासद असाल, तर सप्टेंबरच्या वार्षिक सभेचा अहवाल घरात असेलच. त्यातली तीन पानं काढा: एकूण ठेवी, थकीत कर्जांचं प्रमाण, निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता उरणारं थकीत कर्ज). गेल्या वर्षीच्या अहवालाशी ताडून पाहा आणि शंका असेल तर शाखेत जाऊन लेखी विचारा. सभासदाला तो हक्क आहे. आणि सहकार खात्याने राज्यातल्या पतसंस्थांच्या ठेवी आणि थकबाकी दर तिमाहीला तालुकानिहाय, शहरांत प्रभागनिहाय, मराठीत जाहीर करावी. रिझर्व्ह बँक व्यापारी बँकांसाठी हे काम १९७२ पासून करते आहे, सहकार खात्याला ते अशक्य नाही.